जीर्ण वस्त्राचे उत्तरायुष्य

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसावा श्लोक मराठी वाचकाच्या इतका परिचयाचा आहे, की त्यातील दृष्टान्ताची एक बाजू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा देही, म्हणजे देहात राहणारा आत्मा, जीर्ण शरीरे सोडून नवी धारण करतो, असा त्या दृष्टान्ताचा आशय आहे. त्यात सारे लक्ष वस्त्र बदलणाऱ्याकडे आहे. टाकलेल्या वस्त्राची पुढे काय गत होते हा प्रश्न तेथे उद्भवत नाही, आणि दृष्टान्ताचे प्रयोजन पाहता तो उद्भवण्याचे कारणही नाही. मराठी घरात मात्र हा प्रश्न पिढ्यानपिढ्या हाताने सोडवला गेला आहे. विरलेल्या लुगड्याचा बटवा होतो, खणाच्या चोळीची गोमुखी होते, धोतराच्या पानाचे पोथीला बासन होते, आणि अलीकडे त्याच जुन्या कापडातून औषधांसाठी, दागिन्यांसाठी, सुईदोऱ्यासाठी, प्रवासातील बारीकसारीक वस्तूंसाठी कप्प्यांच्या छोट्या पिशव्या हौसेने शिवल्या जातात. या साध्या कामाच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सत्तेचा, म्हणजे खरोखर काय आहे आणि काय नाही याचा: लुगडे कापून बटवा शिवला तेव्हा लुगडे उरले की नाहीसे झाले? दुसरा कर्तव्याचा: वस्तू जीर्ण झाल्यावर तिच्या मालकाकडे तिचे काही देणे उरते काय, आणि उरत असेल तर ते कात्री चालवून फिटते की कापड जसेच्या तसे जपून? पहिल्या प्रश्नावर भारतीय दर्शनांमध्ये तीव्र मतभेद आहेत. तरीही त्यांतील कोणतेही उत्तर स्वीकारले तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकच येते, आणि ते म्हणजे वस्तूशी इमान राखायचे असेल तर तिचा उपयोग क्रमाक्रमाने अखेरपर्यंत नेला पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सिद्धान्ताकडे वळण्यापूर्वी प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहणे आवश्यक आहे. शिवणारी बाई सुमारे आठ मीटर लांबीचे नऊवारी लुगडे प्रथम उजेडाकडे धरते, कारण हाताला धड वाटणारे कापड कोठे विरले आहे ते उजेडातच कळते. नेसताना ताण पडणारा काष्ट्याचा आणि निऱ्यांचा भाग बहुधा आधी गेलेला असतो, आणि कापड रेशमी असेल तर वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्याने ते त्या घडीवरच चिरलेले असते. घट्ट विणीचे काठ मात्र पुष्कळदा शाबूत असतात. मग उभ्या आणि आडव्या धाग्यांची दिशा पाहून तुकडे बेतले जातात, कारण तिरके कापलेले कापड ओढले की लांबते, आणि हाच त्याचा दोष गोलाईवर पट्टी बसवताना गुण ठरतो. नाजूक कापडाला सुती अस्तराचा आधार दिला जातो. सुलट बाजू समोरासमोर ठेवून उलट बाजूने टीप मारली जाते. थोडी जागा न शिवता राखून तीतून सबंध पिशवी सुलटवली जाते, ती फट हाताने बारीक टाक्यांनी बुजवली जाते, आणि तोंडाशी नेफा करून त्यात नाडी ओवली जाते. चंची शिवायची असेल, म्हणजे पान, सुपारी, कात, तंबाखू यांचे निरनिराळे कप्पे असलेली आणि गुंडाळून दोरीने बांधायची पिशवी करायची असेल, तर एका लांबट पट्टीवर दुसरी पट्टी ठेवून तिच्यावर अंतराअंतराने उभ्या टिपा घातल्या जातात आणि दर दोन टिपांमध्ये एक कप्पा तयार होतो. या साऱ्या खटाटोपात दोरा आणि अस्तर यांखेरीज बाहेरून काही आलेले नसते. तरीही जे कापड अंग झाकीत होते ते आता वस्तू पोटात घेऊ लागते, आणि हा बदल केवळ आकाराचा नसून कार्याचा असतो.

या बदलाचे सर्वांत कठोर विश्लेषण न्याय-वैशेषिक दर्शनाने केले आहे, आणि त्यासाठी त्याने वापरलेले उदाहरण कापडाचेच आहे. या दर्शनाच्या मते कापड, म्हणजे पट, हा तंतूंहून वेगळा असा एक नवा पदार्थ असतो. तो निर्माण होण्यापूर्वी कोठेही नव्हता, म्हणून या मताला असत्कार्यवाद किंवा आरंभवाद म्हणतात. तंतू हे पटाचे समवायिकारण, म्हणजे ज्यात कार्य अतूट संबंधाने राहते ते कारण; तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायिकारण, म्हणजे त्या तंतूंच्या आश्रयाने राहून कार्य घडवणारे कारण; आणि विणकर व त्याची साधने ही निमित्तकारणे होत. समवायिकारण किंवा असमवायिकारण यांपैकी एकाचा जरी नाश झाला तरी कार्याचा नाश होतो, असा या दर्शनाचा नियम आहे. म्हणून मोठ्या कापडातून काही भाग वेगळा केला, की मूळ महापट नष्ट होतो आणि उरलेल्या तंतूंच्या संयोगातून खंडपट नावाचे दुसरेच द्रव्य जन्माला येते, असे नैयायिक मानतात. लुगड्यावर कात्री चालवताना तर केवळ तंतूंचा संयोग तुटत नाही, खुद्द तंतूच तुटतात. म्हणजे दोन्ही कारणे एकाच वेळी जातात आणि नाशाबद्दल शंका घ्यायला जागाच राहत नाही. बटवा हातात घेऊन ‘हे आईचे लुगडे’ असे जेव्हा मुलगी म्हणते, तेव्हा न्यायमतानुसार ती सादृश्याच्या बळावर बोलत असते, जसे क्षणोक्षणी बदलणाऱ्या दीपज्योतीला पाहून ही तीच ज्योत असे माणूस म्हणतो.

सांख्यांनी याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. कार्य हे उत्पत्तीपूर्वीही कारणात विद्यमान असते, या त्यांच्या सिद्धान्ताला सत्कार्यवाद म्हणतात, आणि ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नववी कारिका त्याची पाच कारणे सांगते. तिच्यावर भाष्य करताना वाचस्पतिमिश्रांनी तंतू आणि पट हेच उदाहरण घेऊन असा युक्तिवाद केला, की पट हा तंतूंचाच धर्म आहे, त्या दोघांचा कुंड आणि बोर यांच्याप्रमाणे संयोग किंवा वियोग होत नाही, आणि तंतूंच्या वजनाहून पटाचे वजन निराळे भरत नाही. तेव्हा तो तंतूंहून भिन्न कसा म्हणावा? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातही कापडाचा दृष्टान्त येतो, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्य दाखवतात, की गुंडाळलेले कापड ओळखू येत नाही किंवा त्याची लांबीरुंदी कळत नाही, पण उलगडल्यावर ते निराळे कापड ठरत नाही. या दृष्टीने बटवा लुगड्यात होताच, लुगडे सुतात होते, सूत कापसात होते. कात्रीने आणि सुईने फक्त अभिव्यक्ती घडवली, म्हणजे जे अव्यक्त होते ते व्यक्त केले. येथे नैयायिक विचारतात, की ही अभिव्यक्ती तरी आधी होती की नव्हती? होती म्हणावे तर शिवणारीचे श्रम व्यर्थ ठरतात, आणि नव्हती म्हणावे तर नवे काही उत्पन्न होते हे मान्य करावे लागते. हा वाद शतकानुशतके चालला आणि दोन्ही पक्षांना आपापल्या जागी बळ आहे.

अनेक जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून पिशवी केली तर प्रश्न आणखी अवघड होतो. इरकलीचा काठ, खणाचा तुकडा, सुती पातळाची पट्टी आणि एखाद्या सदऱ्याची बाही यांची मिळून जी वस्तू होते तिचा रंग कोणता? प्राचीन नैयायिकांनी याला उत्तर म्हणून चित्ररूप हा एक स्वतंत्र रंगच मानला, आणि सतराव्या शतकातील अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश यांच्यानंतर सातवे रूप म्हणून चित्राची गणना आहे. त्यांचे म्हणणे असे, की द्रव्य एक असेल तर ते सबंध व्यापणारे रूपही एकच असले पाहिजे. अवयवांचे निरनिराळे रंग मिळून अवयवीत, म्हणजे अवयवांनी बनलेल्या अखंड वस्तूत, एक नवे बहुरंगी रूप उपजते. रघुनाथ शिरोमणींसारख्या नव्य नैयायिकांना हे अनावश्यक वाटले, आणि एकाच वस्तूच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे रंग राहतात असे मानणे त्यांनी पुरेसे समजले. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती याहून पुढे गेले: वस्तूचा एक भाग रंगवला आणि दुसरा कोरा राहिला, किंवा एक भाग झाकला आणि दुसरा उघडा राहिला, तर एकाच वस्तूवर परस्परविरोधी धर्म लादावे लागतात, म्हणून अवयवांपलीकडे अवयवी नावाचे काही नाहीच, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वसामान्य शिवणकामाच्या अनुभवाला मात्र प्राचीन नैयायिकांचे मत अधिक जवळचे आहे, कारण तुकडे जुळवताना कोणता रंग कोणाशेजारी बसतो यावर जे सारे अवलंबून असते ते कोणत्याही एका तुकड्यात नसते. ते जोडकामातच प्रकट होते, आणि जोड उसवली की नाहीसे होते.

बौद्ध परंपरेने अवयवी नाकारला तरी वस्तूंबद्दलची जबाबदारी नाकारली नाही, उलट ती अधिक काटेकोर केली. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, बुद्धांच्या परिनिर्वाणानंतरच्या घटनांच्या कथनात, कौशांबीच्या उदयन राजाचा आणि बुद्धांचा शिष्य आनंद याचा एक संवाद आहे. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला ५०० चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, दान केल्याचे ऐकून राजा रागावतो आणि एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार तरी काय, त्याला कापडाचा व्यापार मांडायचा आहे काय, अशी शंका घेतो. आनंद सांगतो, की ज्या भिक्षूंची चीवरे झिजली आहेत त्यांना ती वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजा विचारतो. त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बिछायत. जुन्या बिछायतीचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झाडायची फडकी. आणि फडकी झिजली की ती कुटून मातीच्या चिखलात कालवून त्याने जमीन सारवली जाईल. हे ऐकून राजाचे समाधान होते आणि तो स्वतः आणखी ५०० वस्त्रे देतो. या संवादातील मर्म असे, की दानाचे औचित्य येथे दात्याच्या श्रद्धेवरून किंवा घेणाऱ्याच्या वैराग्यावरून ठरवले गेले नाही, तर वस्तूचा उपयोग कोठेही मध्येच खुंटत नाही या एका गोष्टीवरून ठरवले गेले.

मराठी घरांतही अशी उतरंड चालत आली, जरी ती कोणी सूत्ररूपाने लिहून ठेवली नाही. लुगडे मध्ये विरले की विरलेला पट्टा काढून टाकून दोन धड भाग जोडीत, आणि या जोडशिवणीला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी फाटले की त्यातून मुलीचा परकर निघे. मऊसूत उरलेल्या भागाची तान्ह्या मुलासाठी दुपटी आणि लंगोट होत. त्याहून जुने कापड थरावर थर घालून धावदोऱ्याने गोधडीत जाई. काठाच्या आणि पदराच्या धड तुकड्यांचे बटवे आणि पिशव्या होत. आणि शेवटी जे उरे त्याचे चुलीला पोतेरे किंवा मशालीला काकडा होई. कौशांबीतील फडके मातीच्या चिखलात कालवले जाते आणि मराठी स्वयंपाकघरातील पोतेरे चूल सारवता सारवता झिजते, म्हणजे दोन्ही क्रम भुईपाशी येऊन थांबतात. या क्रमाचा एक अलिखित नियम असा, की वरच्या पायरीचा उपयोग शक्य असताना खालच्या पायरीवर उतरायचे नाही. नेसण्याजोगे लुगडे कोणी गोधडीत घालीत नसे, आणि गोधडीत बसणारा तुकडा पोतेऱ्याला देत नसे.

बौद्ध विनयातील आणखी एक तरतूद या विषयाशी थेट संबंधित आहे. महावग्गातील कथनानुसार बुद्धांनी मगधातील बांध घातलेल्या भातखाचरांकडे बोट दाखवून त्या रचनेची चीवरे करता येतील काय असे आनंदाला विचारले, आणि आनंदाने कापडाचे तुकडे करून ते त्या आकृतीप्रमाणे शिवले. चीवर कापून शिवलेले असावे, कारण तसे केल्याने ते श्रमणाला शोभेसे साधे होते आणि इतर कोणाला त्याचा लोभ वाटत नाही, असे त्यामागचे कारण तेथे सांगितले आहे. अखंड कापडाला बाजारात किंमत असते. तुकडे केले की ती किंमत जाते आणि उपयोग तेवढा शिल्लक राहतो. म्हणजे येथे कात्री हे वैराग्याचे साधन आहे. नाथपंथी योग्यांची कंथा, म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र, याच वृत्तीची आहे, आणि महाराष्ट्रात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) चिंध्यांचा अंगरखा अंगावर वागवून आणि हातात खराटा घेऊन हीच वृत्ती गावोगाव लोकांपुढे ठेवली.

वैदिक कर्मकांडाचा कल मात्र याच्या विरुद्ध दिशेला आहे आणि त्याची उपेक्षा करता येणार नाही. उपनयनासारख्या संस्कारांसाठी गृह्यसूत्रे अहत वस्त्र, म्हणजे कोरे, न वापरलेले कापड सांगतात; सोवळ्यात न शिवलेले धोतर-उपरणे नेसण्याची रूढी आजही पाळली जाते; आणि दुसऱ्याने वापरलेले वस्त्र अंगावर घेऊ नये असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. अखंड आणि कोरे ते पवित्र, शिवलेले आणि वापरलेले ते उणे, असा हा निकष दिसतो. तथापि त्याच परंपरेने शिवलेल्या लहान पिशवीला देवघरात मानाची जागा दिली. जपाची माळ आणि ती ओढणारी बोटे दृष्टीआड राहावीत म्हणून वापरली जाणारी गोमुखी ही कापडाचे तुकडे जोडून आणि तोंडाशी वळण देऊन शिवलेली पिशवीच असते. पोथीचे बासन हे कापडच असते. आणि रामदाशाची झोळी हेही कापडच. शिवाय पिंडपितृयज्ञात पितरांना वस्त्र अर्पण करताना सबंध वस्त्र न देता लोकरीचा पुंजका किंवा वस्त्राच्या दशीचा, म्हणजे कडेच्या सुटलेल्या धाग्यांचा, अंश पिंडावर ठेवण्याचा विधी श्रौतसूत्रांत आहे. अंशाने पूर्णाचे काम करता येते हे तत्त्व अशा रीतीने श्राद्धकल्पातच मान्य झालेले आहे, आणि ज्यांना आईच्या लुगड्याचा हातभर काठ पुरेसा वाटतो त्यांची भावना या तत्त्वाला धरूनच आहे. वापरलेले वस्त्र अंगावर न घेण्याचा निर्बंधही पिशवीला लागू होत नाही, कारण कापून शिवल्यावर ते वस्त्र राहत नाही, पात्र होते. आणि येथे खंडपटाचा न्यायसिद्धान्त धर्मशास्त्राच्या अडचणीतून वाट काढून देतो.

परंतु जुन्या कापडाचे गोडवे गाताना एका कठोर वस्तुस्थितीकडे डोळेझाक झाली तर सारे विवेचन खोटे ठरेल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे म्हणून मृतांच्या अंगावरची वस्त्रे नेमून दिली आहेत, आणि सेवा करणाऱ्या शूद्राला जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. जे भिक्षूने आपणहून स्वीकारले तेच समाजाच्या एका मोठ्या भागावर जन्माने लादले गेले, आणि चिंधी हे तेथे वैराग्याचे चिन्ह न राहता अवमानाचे चिन्ह झाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या स्त्रियांना त्यांनी अस्पृश्यतेची खूण पटवणारी वेशभूषा टाकून देण्याचा उपदेश केला, यामागे हाच अनुभव होता. तेव्हा जीर्ण वस्त्र वापरण्यात नैतिक मूल्य आहे असे म्हणताना, ते वापरणाऱ्याला नवे वस्त्र घेण्याची मोकळीक होती काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. ज्याला निवड आहे त्याने स्वतःचे जुने कापड स्वतः वापरणे हा संयम होय; आपले उतरलेले कापड दुसऱ्याच्या अंगावर टाकून त्याला दान म्हणणे हा संयम नव्हे. लहान पिशवीच्या बाबतीत ही अट सहज पाळली जाते, कारण तेथे जुने कापड ज्याचे त्याच्याच घरात नवे काम करू लागते.

आता मोहाचा प्रश्न. गेलेल्या माणसाचे कापड कापून त्याची वस्तू जवळ बाळगणे हे अपरिग्रहाच्या, म्हणजे संग्रह न करण्याच्या व्रताच्या, विरुद्ध आहे काय? जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची आसक्तीची गुंगी, हाच परिग्रह असे तेथे म्हटले आहे. या कसोटीला लावले असता कपाटात डांबराच्या गोळ्या घालून वर्षानुवर्षे ठेवलेले, कोणी हात न लावलेले सबंध लुगडे हे बटव्यापेक्षा अधिक मोठा परिग्रह ठरू शकते. लुगडे जसेच्या तसे राखणारा माणूस काळ थांबवू पाहतो. ते कापून लेकी, सुना आणि नाती यांच्यात वाटणारा माणूस वस्तू संपली हे मान्य करतो आणि तिच्या मागे राहिलेला संबंध अनेक हातांत सोपवतो. येथे न्यायमताची कठोरता उपकारक ठरते, कारण लुगडे खरोखर नष्ट झाले हे ते लपवीत नाही आणि त्यामुळे शोकाला त्याची जागा मिळते. सांख्यमतही उपकारक ठरते, कारण द्रव्य तेच आहे असे सांगून ते पुढच्या वापराचे उत्तरदायित्व कायम ठेवते. आणि बौद्धांचा सन्तान, म्हणजे एकातून दुसरे उपजत जाणारा अखंड प्रवाह, आनंदाच्या उत्तरात प्रत्यक्ष आचरणाचे रूप घेतो. वाटून घेतलेला बटवा वापरला जातो, मळतो, धुतला जातो, नेफ्याशी फाटतो आणि एक दिवस संपतो, आणि हे संपणेही त्या क्रमाचाच भाग आहे असे ज्याला मनापासून पटते त्याच्या जवळ बटवा असला तरी मूर्च्छा नसते.

कप्प्यांच्या पिशवीचा संयमाशी आणखी एक संबंध आहे. तिच्यात जितके कप्पे तितकीच सामग्री. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत, म्हणजे चौकोनी कापडाच्या बासनांत, बांधून ठेवलेले असल्यामुळे त्यांचे गट टिकले आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड पुढे प्रसिद्ध होऊ शकले, हे कापडाच्या या मर्यादा घालण्याच्या गुणाचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण होय. मर्यादा घालणारी वस्तू स्वतः नवी विकत आणावी लागली नाही, तर मर्यादेचा विचार अधिक सुसंगत होतो. पुरे किती हे ठरवण्यास शिकणे ज्या समाजाला आज अवघड जात आहे, त्याला हातभर कापडाच्या कप्प्यांतून होणारे हे शिक्षण क्षुल्लक नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात निसर्गाच्या चक्राला धरून चालणारे अर्थकारण ते चिरस्थायी आणि ते चक्र तोडणारे ते अल्पजीवी असा भेद मांडला. जुन्या कापडाची पिशवी त्या भेदाच्या योग्य बाजूला उभी राहते, जरी तिने जगातील कापडाच्या कचऱ्याचा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ असले तरी.

नेमक्या याच कारणाने जुन्या कापडाच्या आजच्या बाजाराकडे सावधपणे पाहावे लागते. चीवराला कात्री लावल्याने त्याची किंमत जात असे. आज जुन्या पैठणीचा किंवा इरकलीचा तुकडा लावल्याने पिशवीची किंमत वाढते, आणि त्यामुळे अद्याप नेसण्याजोगी, हातमागावर विणलेली धड लुगडी केवळ तुकड्यांसाठी विकत घेऊन कापली जाण्याचा संभव निर्माण होतो. शिवण तीच, कापड तेच, पिशवीही तितकीच सुबक; पण क्रम मोडल्यामुळे कृत्याचे नैतिक स्वरूप पालटते. ज्या वस्त्राचा नेसण्याचा उपयोग संपलेला नाही ते नेसले पाहिजे. ज्याची वीण आता कोठेही होत नाही आणि जे विणकरांच्या लोपलेल्या कौशल्याची साक्ष देते, त्याचा उपयोग साक्ष देणे हाच असल्यामुळे ते अखंड राखले पाहिजे, आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्था हेच कार्य करतात. जे विरले आहे, चिरले आहे, दंड घालूनही नेसता येणार नाही, त्यावरच कात्रीचा अधिकार आहे. लुगड्याला कात्री लावावी की लावू नये, या प्रश्नाचे सरसकट उत्तर म्हणूनच असू शकत नाही. ते प्रत्येक वेळी कापड उजेडाकडे धरूनच मिळते.

यावरून निघणारे कर्तव्य तीन अंगांचे आहे. पहिले, वस्तूच्या वरच्या उपयोगाचा अंत झाला आहे याची खात्री करून घेणे, कारण घाईने केलेला पुनरुपयोग हा उधळपट्टीचाच एक प्रकार होय. दुसरे, नवी वस्तू अशी करणे की ती खरोखर वापरली जाईल आणि झिजल्यावर उसवून आणखी खालच्या पायरीवर नेता येईल. म्हणून डिंकाने चिकटवलेल्या किंवा न विरघळणाऱ्या थरांत बंद केलेल्या कापडापेक्षा दोऱ्याने शिवलेले कापड श्रेयस्कर, कारण दोरा सोडवता येतो. तिसरे, कापूस पिकवणारा, सूत काढणारा, विणणारा आणि रंगवणारा अशा ज्या अनेकांचे श्रम त्या कापडात साठलेले आहेत, त्यांच्या श्रमांची मुदत आपल्या कंटाळ्यामुळे अकाली संपू न देणे. लुगडे नष्ट होऊन बटवा जन्मला असे मानणाऱ्यालाही हे करावे लागेल, कारण नव्याने जन्मलेल्या वस्तूचा तोच कर्ता आहे; लुगडेच बटव्याच्या रूपाने उरले असे मानणाऱ्यालाही हे करावे लागेल, कारण त्याचे जुने देणे अजून फिटलेले नाही; आणि लुगडे व बटवा दोन्ही केवळ नावे आहेत असे मानणाऱ्यालाही यातून सुटका नाही, कारण नावे गळून पडली तरी हातातले कापड आणि त्यावर झालेले श्रम खरेच राहतात. दर्शनांचा वाद सत्तेविषयी आहे आणि तो चालू राहील. कर्तव्याविषयी मात्र त्यांच्यात वाद उरत नाही, आणि माणसाला त्याच्या घरातल्या जुन्या कापडापुढे उभे राहून निर्णय घ्यायला एवढी एकवाक्यता पुरेशी आहे.